सुट्टी कधी संपणार?



'कुटुंब आणि कायदा' या विषयावर स्वतःचा अनुभव सांगा, असं मला सुचवण्यात आलं तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वकील नाही, समुपदेशक नाही. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली एक साधी बाई आहे. पण गेल्या वीस वर्षांत नात्यागोत्यातल्या, बँकेतल्या, शेजारपाजारच्या कितीतरी मुलींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. बहुतेक वेळा हळू आवाजात, दार लावून घेऊन. "मावशी, घटस्फोट न घेता मुलाचा ताबा मागता येतो का हो? आणि मूल घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेलं तर चालतं का?"

या प्रश्नाचं छोटं उत्तर 'हो' असं आहे. पण हे 'हो' ऐकून जी मुलगी त्याच रात्री बॅग भरायला घेईल, तिला मी हात धरून थोडा वेळ बसवून घेईन. कारण मी अशीच बॅग भरली होती.

माझं माहेर चिपळूणचं आणि सासर सोलापूरचं. १९९४ साली लग्न झालं, बँकेने सोलापूरच्या शाखेत बदली दिली आणि मी तिथली झाले. सासरी यंत्रमागाचा धंदा होता. चादरी आणि टॉवेल. घर मोठं, माणसं खाऊनपिऊन सुखी. १९९७ मध्ये मुलगी झाली. पुढे धंद्याला उतरती कळा लागली, माग एकेक करून विकावे लागले आणि माझ्या यजमानांचा स्वभाव पालटला. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, हे मी आधीच सांगते. पण माझा पगार पहिल्या तारखेला त्यांच्या हातात जायचा, त्याचा हिशेब विचारला की ते महिना महिना बोलत नसत. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून माणूस अबोला धरतो, तेव्हा भिंतीसुद्धा अंगावर येतात. मुलगी निरोप पोचवायची. "बाबा, आई विचारते, जेवायला वाढू का?" सहा वर्षांची पोर आईबापांतली टपालवाली झाली होती.

मला घटस्फोट नको होता. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. अण्णांच्या प्रकृतीची धास्ती होती. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी आशाही होती, की दिवस पालटतील. मला फक्त मोकळा श्वास घ्यायला जागा हवी होती आणि लेक जवळ हवी होती. मी गुपचूप बदलीचा अर्ज केला. २००४ च्या एप्रिलमध्ये चिपळूण शाखेची ऑर्डर आली. मुलीची दुसरीची परीक्षा संपली होती. सासूबाईंना सांगितलं, "सुट्टीत माहेरी जाऊन येते." मुलीलाही तेच सांगितलं. तिने शाळेचं दप्तर खुंटीला अडकवलं, शेजारच्या मैत्रिणीला आपली भातुकली सांभाळायला दिली आणि उड्या मारत एसटीत बसली.

श्रोतेहो, मी नवऱ्याशी खोटं बोलले, सासूशी खोटं बोलले. त्याबद्दल तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. लेकीशीही खोटं बोलले, हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जून उजाडला. चिपळूणच्या शाळेत नाव घालायला गेले, तर मुख्याध्यापिकांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो सोलापूरला. मागायला गेलं तर सगळं बाहेर येणार. त्यांनी माणुसकीने 'दाखला नंतर आणा' म्हणून मुलीला तिसरीच्या वर्गात बसवून घेतलं. आज ही अडचण थोडी कमी झाली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत प्रवेश देण्यात दिरंगाई करता येत नाही. तेव्हा ते नव्हतं.

मुलीने पहिल्या दिवशी विचारलं, "आई, ही शाळा सुट्टीपुरती ना?" मी "बघू" म्हणाले. हे 'बघू' पुढे वर्षभर चाललं.

तिकडे यजमान पोलीस चौकीत जाऊन आले. "आईच घेऊन गेली ना? मग कोर्टात जा," असं त्यांना सांगण्यात आलं. ते चुकीचं नव्हतं. कायद्याच्या नजरेत आई आणि वडील दोघंही मुलाचे नैसर्गिक पालक. न्यायालयाचा काही आदेश नसताना त्यांच्यापैकी एकाने मूल नेलं, तर तो एरवी अपहरणाचा गुन्हा धरला जात नाही. पण हे शस्त्र दुधारी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जे आईला लागू, ते वडिलांनाही लागू. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच म्हटलं, की न्यायालयाची मनाई नसताना बापाने आपल्याच मुलाला आईकडून नेलं तर त्यावर अपहरणाचा गुन्हा उभा राहत नाही. म्हणजे मी जशी मुलीला घेऊन आले, तसेच तेही तिला कोणत्याही दिवशी घेऊन जाऊ शकत होते. हातात आदेश नसलेल्या आईचं बळ एवढंच असतं, की मूल सध्या तिच्याजवळ आहे.

हे मला कळलं नव्हतं, पण भीती मात्र बरोबर कळत होती. रोज शाळा सुटायच्या वेळी मी साहेबांची परवानगी काढून फाटकाशी जाऊन उभी राहायचे. बाईंना बजावून ठेवलं होतं, माझ्याशिवाय कुणाच्या हाती पोर द्यायची नाही. श्रावणातल्या एका दुपारी पाऊस लागला होता. मी पोचले तर फाटकापाशी हे उभे. हातात शेंगाचटणीचा पुडा आणि तिची भातुकलीची टोपली. मुलगी त्यांना बघून धावली. मी मध्ये घुसले आणि तिचा दंड धरून मागे ओढलं. इतक्या जोरात, की तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. ते भिजत उभे होते. म्हणाले, "पळवायला आलो नाही गं. बघायला आलो होतो." मी एक शब्दही न बोलता रिक्षात बसले. टोपली त्यांच्या हातातच राहिली. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वकिलाची नोटीस आली. आपल्याकडे तिला 'नांदायला येण्याची नोटीस' म्हणतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. जोडीदार सबळ कारणाशिवाय दूर राहिला, तर त्याने परत यावं म्हणून या कलमाखाली अर्ज करता येतो. नोटिशीपाठोपाठ सोलापूरच्या न्यायालयात अर्जही दाखल झाला.

आता मात्र मी वकीलबाईंकडे गेले. चिपळूणच्याच, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "निघण्याआधी माझ्याकडे का आली नाहीस?" मी म्हटलं, "मला घटस्फोट नको होता. म्हणून वकिलाकडे यायचं सुचलं नाही." त्या म्हणाल्या, "बहुतेक बायका हेच सांगतात."

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं, ते आजही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, ताब्यासाठी घटस्फोटाची अट नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याखाली लग्न टिकून असतानाही मुलाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा अर्ज करता येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे तो त्या न्यायालयात जातो, नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. शिवाय हिंदू विवाह कायद्याखाली कोणतंही प्रकरण चालू असलं, मग ते घटस्फोटाचं असो, न्यायिक विभक्ततेचं असो की नांदायला येण्याचं, त्यात कलम २६ खाली मुलाचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांविषयी आदेश मागता येतो. आमच्या वकीलबाईंनी हेच केलं. यजमानांनीच सुरू केलेल्या प्रकरणात त्यांनी माझ्या वतीने मुलीच्या ताब्याचा अर्ज दिला.

दुसरी गोष्ट, वेगळं राहणं आणि लग्न मोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न्यायिक विभक्तता घेतली तर लग्न कायम राहतं, पण एकत्र राहण्याचं बंधन उरत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात, क्रूरतेसारखं सबळ कारण असेल तर पत्नीला वेगळं राहूनही पोटगी मागता येते. मुलाच्या पोटगीचा मार्ग तर सगळ्याच धर्मांतल्या आयांना खुला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. ती म्हणजे गाव. पालक आणि पाल्य कायद्याखालचा अर्ज, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. मुलाला उचलून दुसऱ्या गावी आणलं, की दुसऱ्या दिवसापासून तेच त्याचं नेहमीचं गाव होतं असं नाही. माझी मुलगी सात वर्षं सोलापूरला वाढलेली. चार महिन्यांत ती चिपळूणची झाली, हे सिद्ध करताना नाकीनऊ आले असते. वकीलबाई म्हणाल्या, "तू आधी आली असतीस तर न्यायिक विभक्ततेचा अर्ज आपण आपल्या जिल्ह्यात केला असता. २००३ च्या दुरुस्तीपासून बायको जिथे राहते तिथे तिला असा अर्ज करता येतो. आता त्यांनी आधी दार ठोठावलं आहे. आपल्याला सोलापूरला जावं लागेल."

त्याप्रमाणे गेले. तारीख असली की आदल्या दिवशी निघायचं. कुंभार्ली घाट चढून कराड, कराडहून सोलापूरची गाडी. बँकेची रजा संपली, मग बिनपगारी. जे गाव मी चोरासारखी सोडलं होतं, तिथे प्रत्येक तारखेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरत होते.

यजमानांच्या वकिलांनी मांडलं, की कायद्यात वडील हेच पहिले नैसर्गिक पालक, त्यांच्यानंतर आई. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात शब्द तसेच आहेत. पण लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध दाद मागितली, त्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांचा अर्थ लावून दिला आहे. 'वडिलांनंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, तर वडील मुलाकडे पाहत नसतील, उपलब्ध नसतील तेव्हाही. त्याच सहाव्या कलमात असंही म्हटलं आहे, की पाच वर्षांच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. माझ्या मुलीने ते वय ओलांडलं होतं. मग उरलं तेरावं कलम, आणि खरं तर सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. मुलाचं कल्याण हीच सर्वांत महत्त्वाची बाब. आईचा हक्क, बापाचा हक्क हे सगळं त्याच्या मागून.

माझ्या बाजूने मी भलीमोठी यादी करून नेली होती. पगाराचे हिशेब, अबोल्याचे महिने, कोण कधी काय बोललं. न्यायाधीश शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं पती-पत्नींमधलं झालं. मुलीचं सांगा. तिची शाळा घरापासून किती लांब आहे? तुम्ही बँकेत असता तेव्हा ती कुणाजवळ असते? वडिलांना शेवटची कधी भेटली?" शेवटच्या प्रश्नावर मी गप्प. शाळेच्या फाटकाची हकीगत समोरच्या वकिलांनीच सांगितली. जसं घडलं तसं.

२००५ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी मुलीला भेटायचं ठरवलं. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं. त्यांनी तिला आपल्या दालनात एकटीला बोलावलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, हातात चॉकलेट होतं. ती बाकाच्या मधोमध बसली. कुणाच्याच बाजूला सरकली नाही.

मग आम्हाला आत बोलावलं. न्यायाधीश म्हणाले, "मुलगी हुशार आहे. आईजवळ सुखरूप आहे, अभ्यासही ठीक चालला आहे. कुणाकडे राहायचं, असं मी तिला विचारलं नाही. तिनेच मला एक प्रश्न विचारला. सुट्टी कधी संपणार? मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कुणी तिला उत्तर दिलं आहे का?"

मी मान खाली घातली. शेजारी यजमानांनी डोळ्यांना रुमाल लावलेला मला दिसत होता. श्रोतेहो, वर्षभर मी स्वतःला समजावत होते, की मी मुलीला त्या घरातल्या ताणातून सोडवून आणलं. पण मी तिला सोडवलं नव्हतं, टांगून ठेवलं होतं. तिच्या लेखी ती अजून कुणाच्या तरी घरी पाहुणी होती आणि तिचं दप्तर सोलापूरच्या खुंटीला लटकत होतं.

एप्रिलमध्ये अंतरिम आदेश झाला. मुलगी माझ्याजवळ राहील. वडील महिन्यातून दोन शनिवार-रविवार चिपळूणला येऊन तिला भेटतील. मे महिन्याची आणि दिवाळीची अर्धी सुट्टी ती सोलापूरला जाईल. न्यायालयाला विचारल्याशिवाय दोघांपैकी कुणीही तिची शाळा बदलायची नाही की तिला राज्याबाहेर न्यायचं नाही. शाळेच्या फीचा निम्मा भार वडिलांनी उचलायचा. पुढे आम्ही तडजोडपत्र करून हेच कायम केलं आणि नांदायला येण्याचा अर्ज यजमानांनी मागे घेतला.

त्या कागदाने माझ्यासाठी एक गोष्ट केली. मी शाळेच्या फाटकाशी उभं राहणं सोडून दिलं. आदेशात भेटीचे वार लिहिले होते, तसे मूल कुठे राहील हेही लिहिलं होतं. त्यांना रिकाम्या हाताने परत जावं लागत नव्हतं आणि मला रात्री दचकून उठावं लागत नव्हतं.

मे महिन्यात मुलीला पोचवायला मीच गेले. उंबऱ्याबाहेरून परतणार होते. सासूबाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. दप्तर अजून खुंटीला होतं. दर शनिवारी त्या ते झटकून पुन्हा अडकवत. मला म्हणाल्या, "तू गेलीस ते मी समजू शकते, सूनबाई. माझा लेक कसा वागत होता, ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण पोरीला निरोप घेऊ दिला नाहीस. तिला वाटलं आजी रागावली आणि मला वाटलं ती रुसली." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता, माझी गोष्ट ऐकून कुणी असा अर्थ काढू नये, की बाईने कायम सांगूनसवरूनच निघावं. ज्या घरात मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तिथे सांगत बसण्याची गरज नाही. तिथून मूल घेऊन आधी बाहेर पडावं. ११२ वर पोलीस आणि १८१ वर महिला मदतवाहिनी आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा अमलात आला. त्याखाली, बाई जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्याही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि संरक्षणाच्या आदेशाबरोबर मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण अशा वेळीसुद्धा बाहेर पडल्यावर गप्प बसू नये. आधी सुरक्षित जागा, मग लगेच न्यायालय. मी चार महिने गप्प बसले, ती माझी दुसरी चूक.

परदेशातल्या मुलींसाठी एक वेगळी सूचना. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा न्यू जर्सीहून फोन आला. "मावशी, मुलाला घेऊन पुण्याला येते, परतीचं तिकीट काढत नाही." मला माझी सोलापूरची एसटी आठवली. मी तिला म्हटलं, "आधी तिथल्या वकिलाशी बोल. बोलल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नकोस." राज्यातल्या राज्यात गाव बदलणं वेगळं आणि देश बदलणं वेगळं. अमेरिकेत दुसऱ्या पालकाचे हक्क डावलण्यासाठी मूल देशाबाहेर नेणं हा १९९३ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, मग नेणारी आई का असेना. अशी नेलेली मुलं परत पाठवण्याविषयी १९८० मध्ये हेग इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सामील झालेला नाही. आपलं सर्वोच्च न्यायालयही परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याच्या अनेक बाबींपैकी एक मानतं आणि मुलाचं हित स्वतंत्रपणे तपासतं, असं २०१७ च्या निकालात स्पष्ट झालं आहे. हे ऐकून काही मुलींना वाटतं, एकदा भारतात पोचलं की सुटलो. पण मग ती आई पुन्हा त्या देशात पाऊल ठेवू शकत नाही, बाप इथे खेटे घालतो आणि मूल दोन देशांच्या मधोमध, आमच्या लेकीसारखं, बाकावर बसून राहतं. माझ्या भाचीने तिथल्याच न्यायालयात मूल घेऊन भारतात राहायची परवानगी मागितली. वर्ष लागलं, पण मिळाली. आज तिचा मुलगा रोज रात्री वडिलांशी व्हिडिओवर बोलतो आणि उन्हाळ्यात तिकडे जाऊन येतो.

तेव्हा, ज्या मुली मला विचारतात त्यांना मी आता चार गोष्टी सांगते. निघण्याआधी वकिलाचा किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घे, घटस्फोट हवा असो वा नसो. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेची प्रगतिपुस्तकं, आधार यांच्या प्रती जवळ ठेव. जिवाचं भय नसेल तर निघताना पत्ता आणि फोन लेखी कळव आणि वडिलांनी मुलाला कधी भेटायचं, ते तू स्वतः सुचव. न्यायालयात ते तुझ्याच बाजूने बोलेल. आणि चौथी गोष्ट कायद्यात कुठे लिहिलेली नाही. मुलाला खरं सांग. त्याला कळेल अशा शब्दांत, पण खरं. आपण कुठे चाललो आहोत, किती दिवसांसाठी, कोण बरोबर येणार नाही आणि त्याला पुन्हा कधी भेटता येईल.

आमचा घटस्फोट कधीच झाला नाही. यजमान सोलापूरला, मी चिपळूणला, अशीच वर्षं गेली. पुढेपुढे ते शनिवारी आले की आमच्याकडेच जेवत. अण्णांच्या आजारपणात दोन रात्री दवाखान्यात बसले. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा शेवटचे आठ दिवस मुलगी आणि मी दोघी त्यांच्याजवळ होतो. आम्ही पुन्हा एका घरात नांदलो नाही, पण एकमेकांशी बोलायला मात्र शिकलो. त्यासाठी मुलीला मधला निरोप्या व्हावं लागलं नाही.

लेक आता पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "मी तुला सुट्टी म्हणून आणलं, त्याचा राग आहे का गं अजून?" ती फराळाचे डबे भरत होती. म्हणाली, "राग नाही आई. पण अजूनही कुठे राहायला गेले ना, की पहिले काही महिने मी बॅग पूर्ण रिकामी करत नाही."



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)